मागल्या दाराची चौकशी

किमये, तो मोबाईल उपडा ठेव आधी. ठेवलास? गण्या, तूपण. पडवीत माझ्याजवळ बसायचं तर माणसांत बसा, नायतर आत जाऊन पंख्याखाली लोळा. मला काय, मी एकटा तंबाखू मळत बसेन.

मघाशी जेवताना ही तुझी बहीण काय म्हणाली, ऐकलंस ना रे? "आजोबा, चौकशीबिकशी तुमच्या जमान्यात. आता मुलाचा बायोडाटा व्हॉट्सअॅपवर येतो, फोटो येतो, कंपनीचं नाव येतं. अजून काय हवं?" अजून काय हवं म्हणे! अगो, बायोडाटा माणूस स्वतःच स्वतःचा लिहितो. स्वतःला कोण वाईट लिहील? मीसुद्धा लिहिला तर त्यात 'निर्व्यसनी' लिहीन.

हसू नका. सांगतो ते ऐका. आणि ही रचलेली गोष्ट नाय हां. दाजीच्या तोंडून ऐकलंय मी, त्याच्या बायकोच्या, हौसावहिनीच्या तोंडूनही ऐकलंय. दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांच्या सांगण्यात तिळाचा फरक नव्हता.

दाजी म्हणजे आपला जिते गावचा दाजी. थंडीत आपण मडक्यात शेंगा भाजतो त्या पोपटीला येतो बघा, वालाच्या शेंगांची गोणी घेऊन, तोच. कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो. भला माणूस, पण संशयी म्हणजे किती संशयी! दूधवाल्याच्या तोंडावर दूध हुंगणार. नवी नोट उजेडात धरणार. वहिनीने डब्यात दिलेली भाजी आधी मला चाखायला लावायचा. म्हटलं, बाबा रे, तुझ्या लग्नाची बायको हाय ती. तर म्हणे, "विठू, माणसाचं काय सांगता येतं!"

त्याला एकच मुलगी, रोहिणी. नर्सिंग शिकली, पेणला एका दवाखान्यात लागली. गुणाची पोर, पण बापाच्या संशयापायी तिचं लग्न जमेना. एका मुलाकडचं कुत्रं याच्याकडे बघून भुंकलं, ते स्थळ मोडलं. दुसऱ्या मुलाने हात धुऊन भलत्याच्याच रुमालाला पुसले, तेही मोडलं. वय वाढत चाललं. पोर घरात बोलायची बंद झाली. ड्युटीवरून यायची, जेवायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. शेवटी हौसावहिनीने दाजीला सुनावलं, "आता जे स्थळ येईल त्यात काडी घातलीत तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. मग बसा एकटे दूध हुंगत."

आणि लगेच स्थळ आलं ते रोह्याजवळच्या अष्टमी गावचं.

मुलगा सुजय. एका कंपनीत कायम नोकरी. एकुलता एक. वडील वारलेले, घरात आई आणि तो, आई शांतीबाई. स्वतःचं जुनं घर. पत्रिका जुळली, फोटो पटला. रोहिणीने फोटो बघून "ठीक आहे" म्हटलं आणि त्या दिवशी आईशी बोलत बसली. वहिनीला वाटलं, सुटलो. आता राहिली ती फक्त चौकशी, आणि ती केल्याशिवाय दाजी हलणार नाय हे तिलाही माहीत.

चौकशी कशी करतात ठाऊक हाय का गो तुला? त्या घरात नाय विचारायचं. आळीत विचारायचं. आपण कोण ते सांगायचं नाय, कशासाठी विचारतोय तेही सांगायचं नाय. वाण्याकडे काडेपेटी घ्यायची, शिंप्याकडे बटण लावून घ्यायचं, आणि बोलता बोलता "हे समोरचं घर कुणाचं हो?" असं सोडून द्यायचं. समोरच्याला सगळं कळतं. तोही न कळल्यासारखं करतो.

तर गेल्या वर्षीचा चैत्र. अमावास्येच्या अलीकडचा शुक्रवार. अष्टमी गावात जुन्या घरांतून चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, शेजारणींचं बघून शांतीबाईही करायची, स्वतः विधवा म्हणून कुंकू लावायला शेजारची सवाष्ण बोलवायची. हौसावहिनीची एक लांबची मावशी रोह्यात बाजाराजवळ राहते, धोंडुबाई. तिला आळीतलं आतलं काय ठाऊक नाय, पण हळदीकुंकवाचं आमंत्रण होतं. ठरलं असं, की धोंडुबाईच्या पाहुण्या म्हणून वहिनी आणि रोहिणी आत जायच्या, घर बघायच्या. दाजी बाहेर आळीत फिरणार, चौकशी करणार. दुपारच्या मेमू गाडीने तिघं जित्याहून निघाले, रोह्याला उतरले, रिक्षाने अष्टमीत. बायका गजरे माळून आत गेल्या. दाजी मोकळा.

अष्टमी तुम्ही रिक्षातूनच बघितलीय. ती चालत बघायची, आणि चैत्रात. कुंडलिका नदीवरून वारा येतो. कौलारू घरं, लाकडी गजांच्या खिडक्या, दोन घरांच्या मध्ये एक माणूस जाईल एवढेच बोळ. पडव्यांमध्ये बाजल्यांवर पापड-कुरडया वाळत पडलेल्या. घराघरात कैरी किसलेली, त्याचा वास रस्त्यावर. कुठे चाफा, कुठे जास्वंद. दाजीसारखा माणूस, पण मला म्हणाला, "विठू, मला वाटलं पोर इथंच द्यावी. संध्याकाळी नदीवर फिरायला जाईल, सुखात राहील."

वाण्याला विचारलं. तो म्हणाला, "चांगलं घर." शिंप्याला विचारलं. "चांगलं घर." रस्त्यात एक म्हातारी पापड उचलत होती, तिने न विचारताच सांगितलं, "चांगली माणसं हायत हो." दाजीला बरं वाटलं. आणि मग, स्वभाव कुठे जातो, त्याला वाटलं, सगळ्यांचं उत्तर एकच कसं? कुणी "आई जरा कडक हाय" असंसुद्धा म्हणत नाय? कुठलं घर एवढं चांगलं असतं?

शांतीबाईच्या घराशेजारी इस्रायली माणसाचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू माणसाचं घर हाय. निसीम नाव. आळीतलं त्यांचं एवढंच घर उरलंय, बाकीचे कधीच इस्रायलला गेले. चौकटीला ती त्यांची देवाच्या वचनाची तिरकी छोटी पेटी लावलेली. निसीमकाका पायरीवर बसलेले, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. दाजी म्हणाला, "जुनी घरं बघत फिरतोय. छान घर हाय तुमचं." काका खूश. आजोबांनी सागवान कुठून आणलं ते सांगितलं. मग दाजीने हळूच सोडलं, "आणि हे शेजारचं?"

काकांनी मान वळवली. आत बघितलं. मग म्हणाले, "चांगलं हाय."

आतून बायकोचा आवाज आला, हन्नाबाईचा. "अवो, शब्बाथ लागतोय. दिवे लावायला घेतलेत मी. आता तरी खोटं बोलू नका."

"तू गप गो," काका म्हणाले. उठले, दाजीकडे न बघता म्हणाले, "शुक्रवार हाय. दिवे लागले की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, दुसऱ्या कामाचं बोलत नाय. या तुम्ही." आणि दार लावलं.

झालं. दाजीच्या डोक्यात किडा गेला. पण त्याच वेळी वहिनीचं बोलणंही आठवत होतं, काडी घालाल तर माहेरी जाईन. मनाशी म्हणाला, म्हातारा-म्हातारीचं काहीतरी आपसातलं असेल, आपण कशाला कान द्या. पुढे निघाला. दोन पावलं गेला असेल नसेल, शेजारी तसाच एक बोळ दिसला. शांतीबाईच्या घराच्या मागे जाणारा. दाजी म्हणतो, "घराचं पुढलं दार पाहुण्यांसाठी असतं. खरं घर मागल्या दारी कळतं." गेला आत.

मशिदीत मगरिबची बांग होत होती. उजेड होता अजून, पण बोळात कमी. पायाखाली सांडपाण्याची पन्हळ, कडेला अळू. घराची मागली भिंत. आणि मागलं दार, अर्धं उघडं. दारात एक बाई उभी. तरुणच. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, एक हात चौकटीला. आतून हळदीकुंकवाच्या बायकांचा गलका ऐकू येत होता. दाजीला वाटलं, कामात मदतीला आलेली असेल, जरा हवेला उभी राहिली.

तो मागे वळणार, तर तीच म्हणाली, "मुलगी द्यायला आलात?"

दाजी चपापला. "छे छे. जुनी घरं बघतोय."

"चपला नव्या हायत. हात रिकामे हायत. आणि बघताय ते कौलांपासून पायरीपर्यंत बघताय. मुलीचा बापच असा बघतो."

आता पकडला गेल्यावर काय करणार! दाजी हसला. म्हणाला, "बरं बाई, ओळखलंत. मग तुम्हीच सांगा. घर कसं हाय?"

"आळीत काय सांगितलं?"

"चांगलं हाय म्हणाले."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझ्या बापालापण हेच सांगितलं होतं."

दाजीला वाटलं, ही चुलत घरातली सून. भाऊबंदकी. बायोडाट्यात मुलगा एकटा, मग जाऊ असायचं कारण नाय, म्हणजे वाटण्या झालेल्या चुलत्याकडची असणार. त्याने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"मी याच घरातली."

"माहेर कुठलं?"

"पेणचं."

"मग? माणसं कशी हायत?"

तिने मान वळवून आत बघितलं. आतला गलका थांबल्यासारखा वाटला. म्हणाली, "देऊ नका."

"का? मुलगा पितो?"

तिने उंबऱ्याकडे बघितलं.

"हात उचलतो?"

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. दाजी म्हणतो, "विठू, रडत नव्हती, रागात नव्हती. दवाखान्यात नंबर लावून बसलेलं माणूस बघतं ना, तशी बघत होती." मग तिने पुन्हा एकदाच सांगितलं, "तुमच्या मुलीला देऊ नका."

आता बघा, संशयी माणसाने इथे काय केलं! त्याने सगळा संशय घेतला तो हिच्यावर. आपल्याकडे चौकशीचा रिवाजच हाय तसा. सगळी आळी चांगलं म्हणते आणि एकटं कुणी वाईट म्हणतं, म्हणजे त्या एकट्याचं काहीतरी दुखतंय. वाटणीचं भांडण असेल, नळावरचं असेल, जळफळाट असेल. दाजीने मनाशी म्हटलं, मिळाली, आळीतली काडी लावणारी मिळाली. "बरं बरं, बघतो," म्हणाला आणि बोळातून बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा दाजीने ठरवलं, की आता संशय घ्यायचा नाय. बायकोच्या धाकाने ठरवलं, मुलीसाठी ठरवलं.

बायका बाहेर आल्या. धोंडुबाई घरी गेली. हौसावहिनी तर फुलून आलेल्या. भांडी कशी लख्ख, शांतीबाई किती गोड बोलते, पन्ह्यात वेलची, डाळीला कैरी किती बेताची. दाजी म्हणाला, "माझ्याकडूनही होय. आळी चांगलं म्हणते. उद्याच होकार कळवून टाकू." वहिनी रस्त्यातच त्याच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या. रोहिणी खाली बघून हसली. दाजी मला म्हणाला, "किती दिवसांनी हसली रे पोर."

मग चालता चालता दाजीने सांगितलं, "एक तेवढी भेटली, मागल्या दाराला. द्वेषाने जळलेली. तिचं काय मनावर घेतलं नाय मी."

रोहिणी थांबली. "कुठल्या मागच्या दाराला?"

"त्यांच्याच."

"बाबा, त्यांना मागचं दार नाहीये."

"नाय कसं? मी आत्ता तिथे उभा होतो."

"मला हात धुवायचे होते. मी स्वयंपाकघरात गेले, म्हटलं मागे दार आहे का. त्या म्हणाल्या, आमच्याकडे मागे दार नाही. भिंतच आहे तिथे. नव्या टाइल्स लावलेल्या, त्यांच्यापुढे फ्रीज."

दाजी चिडला. बायकोचा विश्वास नाय, पोरीचा नाय. "चला, दाखवतो," म्हणाला. वहिनी नको नको म्हणत होत्या, गाडीची वेळ होत होती. पण हा ऐकतोय कसला.

गण्या, पडवीतला दिवा लाव जरा. हां. बस आता.

तिघं बोळात आली. काळोख पडला होता. रोहिणीने मोबाईलची बॅटरी लावली. पन्हळ. अळू. भिंत.

भिंत.

दाजीने पुढे जाऊन बघितलं. मागे येऊन बघितलं. दुसरं दारच नाय कुठे. मग रोहिणीने बॅटरी जवळ धरली. चुन्याच्या खाली... विटा दिसत होत्या. दाराएवढ्या. मधोमध. आजूबाजूची भिंत जुन्या दगडाची, आणि एवढाच तुकडा विटांचा. चौकटीची रेघ अजून दिसत होती. खाली उंबऱ्याचा दगड तसाच.

दाजीने हात लावला. दगडी भिंत उन्हाने तापलेली होती. विटा...

"गार होत्या, विठू." एवढंच म्हणाला मला. मी पुढे विचारलं नाय.

"बाबा," रोहिणी हळूच म्हणाली, "चला."

कुणी हललं नाय. आत कपबशांचा आवाज. शांतीबाई कुणाशीतरी गोड बोलत होती. भिंतीच्या पलीकडेच. इतकी जवळ.

आणि बोळाच्या दुसऱ्या अंगाला एक खिडकी उघडली.

वहिनी किंचाळायच्याच, पण ती हन्नाबाई होती. आत तिच्या मागे शब्बाथचे दिवे लागलेले. तिने तिघांकडे बघितलं, रोहिणीकडे जरा जास्त वेळ. म्हणाली, "हीच का मुलगी?"

दाजीने मान हलवली.

"काय नेसली होती ती?" हन्नाबाईने विचारलं. कोण, कुठली, काय विचारायची गरजच नव्हती.

"हिरवं."

हन्नाबाईने डोळे मिटले. मग हळू आवाजात सांगितलं. नूतन नाव तिचं. पेणची. लॉकडाऊनमध्ये लग्न झालं, मोजक्या माणसांत, तोंडाला फडकी बांधून. बाहेर कुणाला पत्ताच नाय की सुजयचं लग्न झालं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. मागल्या पायरीवरून पाय घसरला, असं सांगितलं त्यांनी. "पायरी केवढी हाय, बघताय ना?" हन्नाबाई म्हणाली. दाजीने बघितलं. वीतभर. "बोंब आम्ही ऐकायचो. रोजची. त्या रात्रीची पण ऐकली. पंधरवड्यात दार बुजवलं त्यांनी."

"मग सांगितलं का नाय कुणी?" हौसावहिनी रडत होत्या. "विचारायला आलेल्या माणसाला तरी सांगायचं!"

"लग्न मोडायचं पाप कोण घेतो, बाय? आणि आम्ही... आमची मुलं सगळी तिकडे. इथं आम्ही दोघं म्हातारी. रात्री-अपरात्री काय झालं तर याच आळीतला माणूस धावणार ना?" खिडकी लावता लावता म्हणाली, "ते खोटं बोलतात ते भीतीने. मी आज बोलले. दिवे लावून बोलले."

रात्रीच्या गाडीने तिघं परतली. जिते आलं तेव्हा रोहिणीने बापाचा हात धरला होता, एवढंच वहिनींना आठवतंय.

दुसऱ्या दिवशी दाजीने फोन लावला. नकार कसा देतात आपल्याकडे? "पत्रिका जुळत नाय." दाजीने तेच सांगितलं. खरं म्हणजे पत्रिका आधीच जुळवून झाली होती, दोन्हीकडे माहीत होतं. शांतीबाईने आश्चर्य दाखवायला हवं होतं. चिडायला हवं होतं. आमच्यात काय कमी हाय, असं विचारायला हवं होतं. फोन नुसता चालू. श्वास ऐकू येत होता.

मग तोच गोड आवाज. जरा खालचा.

"मागल्या दारी... कोण भेटलं का तुम्हाला?"

दाजीने फोन बंद केला. मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसला आणि वर झाकण लावलं.

वहिनी ऐकत होत्या. त्या घाबरल्या नाहीत, भडकल्या. "पत्रिका म्हणे! त्या आळीने केलं तेच तुम्ही केलंत. खरं कुठं सांगितलंत? उद्या दुसऱ्या कुणाची पोर त्या घरात जाईल, आणि आपण इथे देव्हाऱ्यापुढे बसू." दाजीला ते लागलं. माझ्यापाशी कबूल केलं त्याने, की आयुष्यात कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. मग ज्याने स्थळ आणलं होतं त्याला त्याने फोन लावला आणि सगळं उघड सांगितलं. मागल्या दाराचं, विटांचं, नूतनचं. समोरचा म्हणाला, "दाजी, तुम्हाला संशयाचा रोग हाय." दाजी म्हणाला, "हाय. आणि जो विचारेल त्याला मी हेच सांगणार. माझं नाव घेऊन सांग." दुसऱ्या दिवशी नूतनच्या माहेरगावी, पेणला कुंभार आळीत जाऊन चार माणसांत तेच बोलला. बभ्रा झाला. त्या घराला अजून मुलगी मिळालेली नाय.

आता शेवटचं. किमये, जवळ सरक हवं तर, लाजू नको.

पुढे तीन-चार दिवसांत अक्षय तृतीया. चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्या दिवशी संपतं. संध्याकाळी हौसावहिनीच्या मनाने घेतलं, की ती पोर सवाष्ण गेलीय, कुणी ओटीसुद्धा भरली नसेल तिची. आपल्या पोरीला तिने वाचवलं, आपण तिला काय दिलं? ताट घेतलं. घरच्या शेतातले तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदीकुंकू. जित्याच्या घरी मागल्या दाराला ठेवलं आणि म्हणाल्या, "नूतन, ये गो बाय."

दाजी कुरकुरला. म्हणे, कुत्री-मांजरं खातील, सकाळी तुला वाटेल ती आली. वहिनी म्हणाल्या, वाटू दे. पण हा दाजी! याने रांगोळीची पूड घेतली आणि ताटाच्या भोवती, पायरीवर, अंगणात दूरपर्यंत पसरून ठेवली. पाखरू बसलं तरी नख उमटलं पाहिजे, अशी. आणि आतून कडी घातली.

रात्री कुणाला काय ऐकू आलं नाय. कुत्रंसुद्धा भुंकलं नाय.

सकाळी वहिनीने कडी काढली. दाजी मागे, रोहिणी त्याच्या मागे. रांगोळी जशीच्या तशी. पाऊल नाय, नख नाय, मुंगीची रेघ नाय.

ताटात नारळ नव्हता. खण नव्हता. तांदूळ... सगळे नव्हते. ताटाच्या मधोमध चिमूटभर होते. विस्कटलेले नाय. बोटांच्या चिमटीने उचलून ठेवावेत तसे, हळदीने पिवळे झालेले.

दाजी घसा खाकरून म्हणाला, "उंदीर असेल."

हौसावहिनी ताटापाशी बसल्या. ताट जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "बाईची ओटी भरली ना, की ती सगळं घेऊन जात नाय. चिमूटभर तांदूळ भरणारीच्या ताटात परत टाकते. तुझंही घर भरलेलं राहो म्हणून. उंदराला हे कुणी शिकवलं, सांगा."

रोहिणीने ओढणी पुढे केली. वहिनीने ते तांदूळ उचलले आणि तिच्या ओढणीत टाकले. दाजीने केरसुणी घेतली आणि ती सगळी रांगोळी झाडून टाकली.